क्लच, धानाची मूठ आणि एफ कॉर्ड

प्रश्न : दादा, मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय ४६. दोन एकर धान आहे आणि १८ वर्षांपासून झाडीपट्टीच्या (आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटकांत गिटार वाजवतो. दोन सीझनपासून डावा अंगठा मुळाशी दुखतो, शेजारच्या दोन बोटांचे सांधेही ठणकतात. सकाळी मूठ मिटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चिकनगुनिया झाला होता. प्रयोगाआधी मेडिकलमधून एक गोळी घेतो, मग रात्र निघते. घरचे म्हणतात, गिटार सोडा आता. सोडू का? एखादं तेल असेल तर तेही सांगावं.

उत्तर : भाऊ, आधी तेलाचं उरकून टाकतो. तीळ, मोहरी, मोहाच्या टोळंबीचं, सगळी तेलं माझी चोळून झाली आहेत. चोळल्यावर बरं वाटतं, ते खोटं नाही. ऊब मिळते आणि तेवढा वेळ हात रिकामा राहतो. पण झिजलेला सांधा तेलानं भरत नाही. चोळायचं असेल तर प्रयोगाहून आल्यावर चोळा, आधी नको. तेलकट बोटांनी तारा दोन दिवसांत मेल्यासारख्या वाजायला लागतात.

आता हाताचं. गिटारनंच हात गेला असं तुम्ही धरून चालला आहात. मीही चाललो होतो. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो आणि रात्री नाटक कंपनीच्या गाडीत बसायचो. दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावची जत्रा लागली, नाटकं सुरू झाली की अंगठा ठणकू लागायचा. म्हणजे गिटारच, दुसरं काय? एका नोव्हेंबरात घरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धान कापत होतो. बायको शेजारच्या ओळीत. ती म्हणाली, "डावा हात का करून रायला तुमचा, पाहा ना जरा!" पाहिलं. विळा उजव्या हातात, तो नुसता ओढतो. धानाची मूठ आवळून धरतो तो डावा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तुमचे दुखतात तेच सांधे. जसजशी मूठ भरते तसतसा अंगठा जास्त ताणतो. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत त्या दिवशी १४० मुठी मोजल्या, आणि ओळी किती ते तुम्ही जाणता. संध्याकाळी मोटरसायकलनं चाळीस किलोमीटर. क्लच कोणत्या हातात? आपल्या रस्त्यांवर तो दर खड्ड्याला दाबावा लागतो. मग साडेदहाला पडदा उघडला की त्याच अंगठ्यानं गिटारची मान मागून दाबायची, पहाटे चारपर्यंत.

उजव्या हाताबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तो दुखत नसणार.

अंगठ्याच्या टोकाशी १ किलोची चिमूट धरली तर मुळाच्या सांध्यावर १२ किलोच्या आसपास भार येतो, हे हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजून ठेवलं आहे. म्हणजे घट्ट चिमटीची जी जी कामं आहेत ती सगळी त्या एकाच सांध्याच्या नावावर पडतात. म्हणून सुरुवात बांधीपासून करा. मूठ लहान धरा, भारे बांधायचं काम पोराकडं द्या, आणि ज्या रात्री प्रयोग त्या दिवशी विळा हातात घेऊच नका. कापणीत अंगठ्याला आधार देणारा पट्टा बांधा. मेडिकलवाले त्याला थंब स्प्लिंट म्हणतात. सुरुवातीला अडचण वाटते, आठ दिवसांत सवय होते. क्लचची वायर जुनी असेल तर बदला. नव्या, तेल दिलेल्या वायरीनं किती जोर वाचतो ते पहिल्याच दिवशी कळेल. आणि ढोलकीवाल्याला गाडी चालवू द्या, तुम्ही मागं बसा. त्याचे हात तसेही आपल्यापेक्षा दणकट असतात.

गिटारकडं येतो. पोराच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घ्या. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, त्यांतल्या बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या बुडापर्यंत किती अंतर आहे ते पाहा. अडीच मिलिमीटरच्या आसपास हवं, बारीक तारेखाली दोन. आपल्या भागातल्या ज्या गिटारी माझ्या हातात येतात त्यांत साडेतीन-चार सर्रास निघतं. पावसाळाभर गिटार कौलारू घरात खुंटीला टांगलेली असते. लाकूड ओल पितं, पुढची फळी फुगते, तिच्यासोबत ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचलला जातो आणि तारा वर येतात. तीच गिटार मे महिन्यात सुकते, फळी बसते, तारा फ्रेटवर किरकिरतात, फ्रेटची टोकं बोटांना ओरबाडतात. म्हणजे सीझन तोंडावर असतो तेव्हाच तारा सगळ्यात उंच असतात, आणि त्याच वेळी धान कापून हात शिणलेला असतो. म्हणून दसऱ्याच्या सुमारास एकदा मोजायचंच.

अंतर जास्त निघालं तर ब्रिजमधली पांढरी पट्टी, सॅडल, घासावी लागेल. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचं तर सॅडल २ मिलिमीटर उतरवावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. घासायची ती खालच्या बाजूनं. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, पट्टी उभी सरळ धरा आणि मागं-पुढं न्या. डुलली तर बूड गोल होतं आणि आवाज मरतो. अर्धा मिलिमीटर घासा, बसवा, तारा चढवा, वाजवून पाहा, मग पुन्हा. एकदा मी विद्यार्थ्यांशी बोलायच्या नादात भलतीच घासली होती. त्या रात्री सॅडलखाली आइस्क्रीमच्या काडीची चकती घालून नाटक निभावलं. काडी पुढं तीन वर्षं तिथंच होती, ती गोष्ट वेगळी.

अजून एक तपासणी. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि त्याच्या पुढच्या घरात एफचा आकार (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायची बार कॉर्ड) धरा. कॅपोनं तो एकदम सोपा वाटला तर दोष हाताचा नाही, मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा, नटचा आहे. त्याच्या खाचा उथळ आहेत. पण त्या खोल करण्याचं काम घरी करू नका. बारीक कानस लागते, आणि एक खाच जास्त गेली की नट नवा घ्यावा लागतो.

तारा कोणत्या आहेत ते लिहिलं नाही, बाराचा, म्हणजे जाड तारांचा, सेट असेल असं धरतो. तो उतरवा, दहाचा हलका लावा. आणि सगळी गिटार अर्धा सूर खाली मिळवा. एवढ्यानं तारांचा ताण आणखी ११ टक्के उतरतो. मग ऑर्गनवाल्याशी सूर जुळावा म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो कायमचा बसवा. सूर तोच राहील, बोटांना तार मऊ लागेल.

कॅपोचं नाव काढलं की आपले गिटारवाले तोंड वाकडं करतात, जणू तो शिकाऊंचा आधार. आणि मग गाणारी बाई काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, उभी राहते, आणि हा रात्रभर बार कॉर्ड दाबत बसतो! साध्या मिळवलेल्या गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो लावून सीचा आकार धरला की काळी एक. काळी दोन हवी तर तिसऱ्या फ्रेटला. अर्धा सूर खाली मिळवली असेल तर दोन्ही वेळी एक घर पुढं. समोर बसलेल्या चार हजार माणसांतला एकही तुमचा कॅपो पाहायला आलेला नसतो.

दाबण्याबद्दल थोडंसं. घरी शांत बसा आणि एका तारेवर बोट नुसतं टेकवून छेडा. ती फुसफुसेल. छेडत छेडत हळूहळू दाब वाढवा आणि सूर स्वच्छ निघाला की थांबा. तेवढाच दाब लागतो. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, दुपटीनं तरी जास्त दाबत होतो. बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवलं तर आणखी कमी लागतं. मग अंगठा मानेवरून पूर्ण काढून एखादं कडवं वाजवून पाहा. उजव्या कोपरानं गिटार अंगाशी धरली की जमतं. कायम तसं वाजवायचं नाही, पण अंगठा किती फुकट कष्ट करतो ते त्यातून समजतं.

जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याचा डावा हात १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला, शेवटची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं पुढं असं वाजवलं की लोक अजून त्याची नक्कल करतात. इंग्लंडच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं १९६५ साली कारखान्यातल्या यंत्रात तुटली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा मिळेनात म्हणून बँजोच्या तारा चढवल्या आणि पुढं गिटारचा सूरही खाली उतरवला. तुम्हाला त्यांच्याइतकं काही झालेलं नाही. वाद्य हातासारखं करून घेतलं तर चालतं, एवढं दाखवायला ही नावं घेतली.

थंडीचं विसरू नका. डिसेंबरात आपल्याकडं पहाटे बोटं लाकडासारखी होतात. शेकोटीवर हात धरून लगेच वाजवायला बसू नका. पाठीला ऊब आणि बोटांना चटके एवढंच होतं. थर्मासमध्ये गरम पाणी न्या आणि पहिल्या गाण्याआधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धरून बोटं उघडझाप करा. गाण्यांच्या मधे संवाद चालतात तेव्हा डावा हात मानेवर ठेवू नका, मांडीवर ठेवा.

आता गोळी. इथं मी तुमच्यावर थोडा रागावणार आहे. दर प्रयोगाआधी एक, म्हणजे सीझनभरात किती झाल्या? सूज आणि दुखणं मारणाऱ्या या गोळ्या जठर सोलतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर बसतात, आणि तुम्ही त्या रात्रभर चहावर काढता. त्याच औषधाचं मलम मिळतं. हाताचे सांधे कातडीच्या अगदी खाली असतात, तिथं ते बऱ्यापैकी लागू पडतं आणि पोटाला त्रास कमी. तेही डॉक्टरांना विचारूनच. मी स्वतः एकदा पिशवी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एकाकडून मनगटात इंजेक्शन घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी हात लोण्यासारखा झाला. खूश होऊन सलग पाच प्रयोग केले. पुढच्या तपासणीत साखर वर गेलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इंजेक्शनात स्टिरॉइड होतं का?" मला नावही माहीत नव्हतं.

तुम्हाला नेमकं काय झालंय ते मी, एक सुतार, सांगू शकत नाही. मूठ दहा-पंधरा मिनिटांत सुटते, दुखणं अंगठ्याच्या मुळाशी आहे, हे वयाच्या झिजेसारखं दिसतं. पण चिकनगुनियाचा सांधा महिनोन्महिने, कधी वर्षांनंतरही, डोकं वर काढतो. त्या शब्दाचा अर्थच आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेत 'वाकवून टाकणारा' असा आहे. २००६ साली आपल्या भागात घरं रिकामी वाटायची, अख्खं गाव खाटेवर. आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकू लागला, दोन्ही हातांची पेरं सुजून गरम लागू लागली, तर तो आमवात असू शकतो. तिथं सीझन संपण्याची वाट पाहायची नाही. तो लवकर धरला तर औषधानं आवरतो, उशीर झाला तर सांधे वाकडे करून जातो. ब्रह्मपुरीला, गडचिरोलीला दाखवा, गरज पडली तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं हॉस्पिटल. आरए फॅक्टर, युरिक अॅसिड या तपासण्या ते सांगतील. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते का, हात झटकावा लागतो का, हेही सांगा. ती मनगटातल्या नसेची भानगड असते, सांध्याची नव्हे.

सोडायचं का? यंदा निम्मे प्रयोग घ्या. मॅनेजर कुरकुरेल, दुसरा पोरगा बसवेल, बसवू द्या. घरच्यांना मात्र सांगा की विळ्याला आणि क्लचलाही हीच नोटीस दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, आर्वीला राहतो. दोन आठवड्यांपूर्वी गिटार घेतली. बोटांची टोकं लाल होतात, दुखतात, आता हात लावत नाही.

उत्तर : ताई, हे सांध्याचं दुखणं नाही, कातडीचं आहे. तीन-चार आठवड्यांत टोकं टणक होतात. तोवर दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, फोड येईपर्यंत नाही. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवायला बसवू नका, भिजलेली कातडी सोलवटते. स्टीलच्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढवायच्या फंदात पडू नका, त्या धड बसतही नाहीत, हलका दहाचा सेट घ्या. आणि वर लिहिलेली कंपासमधली स्टीलची पट्टी तिच्याही गिटारला लावा. बाराव्या फ्रेटवर किती भरलं ते मला कळवा. चारच्या पुढं असेल तर पोरीला काही बोलू नका, गिटार दुरुस्तीला पाठवा.