माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलचा टिश्यू (सांगाड्यावरचा जिवंत थर) बुडापासून वर सुटत चाललाय, बाकी कोरल ठीक आहेत. आधी काय तपासू?

आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) तपासा, तीही एकदाच नाही, तर सलग तीन दिवस ठरलेल्या एकाच वेळी. आकडा ७ असो की ९ डीकेएच, अ‍ॅक्रोपोराला चालतो. दिवसात १ डीकेएचच्या वर झालेला चढउतार मात्र सोसत नाही. पहिली खूण बरेचदा बुडाशीच दिसते, कारण तिथे उजेड आणि प्रवाह दोन्ही कमी पोचतात. आकडा घसरलेला असेल तर एकदम ओतून भरून काढू नका, रोज ०.५ डीकेएच पुरे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर असतील तर तेही कारण असू शकतं, विशेषतः अल्कलिनिटी १० च्या पुढे असताना. खारेपणाही बघा; तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवा, आरओच्या गाळलेल्या पाण्याने नाही.

मग टॉर्च घेऊन बूड जवळून बघा. टिश्यूवर गोल फिकट डाग आणि उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले तर ते चपटे कृमी. डिपने (कोरल औषधी द्रावणात बुडवल्याने) कृमी गळून पडतात, अंडी मरत नाहीत. ती खरवडूनच काढावी लागतात आणि डिप दर आठवड्याला पुन्हा द्यावा लागतो.

हे सगळं सावकाश सरकणाऱ्या झिजेसाठी. टिश्यू काही तासांतच चिंध्यांसारखा सुटू लागला तर चाचण्यांची वाट पाहू नका: टिश्यू जिथवर सुटलाय त्या रेघेच्या १-२ सेंमी वर, निरोगी भागातून फांद्या कापा आणि सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने नव्या प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवा.