अँप्लिफायर चालू करताच फ्यूज उडतो. सप्लाय गेलाय की आउटपुट, कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. माझ्याकडे असा एक सेट आला होता. 20 रुपयांच्या ब्रिजपायी (एसीचं डीसी करणारे चार डायोड) अख्खा ट्रान्सफॉर्मर जळला होता.

स्पीकर काढा आणि मेनच्या फेज वायरमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी चालणार नाही). नवा फ्यूज टाकून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग सप्लायकडून अँप बोर्डाला जाणाऱ्या वायरी सोडवून परत बघा. आता मंद झाला, तर दोष अँप बोर्डावर, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये. तरीही पेटलेलाच, तर ब्रिज, फिल्टर कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर.

बहुतेक वेळा ब्रिजच निघतो. प्लग काढा, कपॅसिटर 1 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरने अर्धा मिनिट डिस्चार्ज करा, स्क्रू ड्रायव्हरने ठिणग्या पाडू नका. ब्रिज बोर्डावरून काढून मीटर डायोड मोडवर ठेवा: प्रत्येक डायोड एका बाजूने साधारण 0.5 ते 0.6 दाखवेल, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून बीप वाजली की तो गेला. डोकं फुगलेला कपॅसिटर न मोजताच बदला.

24-0-24 चा ट्रान्सफॉर्मर असेल तर दुरुस्तीनंतर, बल्ब काढून, लोडशिवाय दोन्ही रेलवर (प्लस आणि मायनस सप्लाय लाइनवर) साधारण 33 ते 36 व्होल्ट डीसी मिळायला हवेत. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. 100 मिलिव्होल्टच्या वर असेल तर जोडू नका.