दुपारच्या सुस्तीसाठी भात सोडावा का?

दुपारी भात खाल्ला की तीन वाजेपर्यंत डोळे मिटू लागतात, तर भात बंद करावा का, असे आपण विचारले आहे. बंद करू नये. भात थोडा कमी घ्यावा आणि वरण किंवा उसळ वाढवावी, म्हणजे रक्तातील साखर एकदम चढत नाही. दुपारी थोडी पेंग न जेवणाऱ्यालाही येते. पण "जेवण अंगावर येते, हा आळसच" असे घरचे म्हणतात, हे आपले वाक्य वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीनंतर फळ्यावर भागाकार लिहिताना माझा हात भरून येई आणि उदाहरण अर्धवट टाकून मी खुर्चीत बसत असे. घरी येऊन आडवी झाले की सासूबाई शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "जेवायचं आणि लोळायचं, एवढंच हिला जमतं." मलाही ते खरे वाटू लागले होते. अखेर डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. स्त्रियांमध्ये किमान १२ हवे असलेले हिमोग्लोबिन माझे ८.४ निघाले. मग त्यांनी विचारले, "चहा केव्हा घेता?" सकाळी पोह्यांबरोबर आणि दुपारी डबा संपताच. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते आणि चहातील टॅनिन हे तुरट द्रव्य अन्नातल्या लोहाला धरून ठेवते, त्यामुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही. रात्री सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर मी बसत असे, तेव्हा पातेल्यात भाजी उरलेली नसे. लोणचे आणि पोळी एवढेच माझे जेवण.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहा जेवणापासून तासभर लांब गेला, डब्यात मोड आलेली मटकी आणि लिंबाची फोड आली. अडीच महिन्यांनी मी शेवटच्या तासालाही उभी राहून शिकवू लागले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणे, आढळला. या सगळ्या आळशी आहेत, असे कोणी मला पटवून द्यावे.

अर्थात आपला थकवा थायरॉइडमुळे, मधुमेहामुळे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही असू शकतो, म्हणून आधी रक्त तपासा आणि लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. तपासणीचा कागद मात्र घरच्यांच्या हातात द्या. मी तो तेव्हा कपाटात ठेवला, ही माझी चूक झाली.