आईसाठी कॉर्डलेस फोन घेतला आहे, पण तिला तो जमत नाही. कसा शिकवू?

तुम्ही लिहिलंय की आई दादरला एकट्या असतात, जुना वायरचा फोन बिघडल्यावर तुम्ही कॉर्डलेस आणून दिलात, आणि आता ठाण्याहून फोन लावला की तासन्‌तास एंगेज लागतो. विचारलं की त्या म्हणतात, ‘मी तर फोन ठेवलाय.’

त्या खरं तेच सांगताहेत. त्यांनी फोन ठेवलाय, फक्त टेबलावर. जुन्या फोनवर रिसीव्हर ठेवला की त्याच्या वजनाने खटका दाबला जायचा आणि लाइन सुटायची. इथे तो खटका नाही. हँडसेट टेबलावर, पलंगावर, कुठेही ठेवला तरी लाइन चालूच राहते. ती सोडायची तर लाल बटण दाबायला हवं, नाहीतर हँडसेट बेसवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या बैठकीवर, नेऊन बसवायला हवा.

माझ्या सासूबाईंच्या घरी, पार्ल्याला, मीच हा फोन लावून दिला आणि अजूनही त्याची देखभाल मीच करते. त्यावरून ठामपणे सांगते: आईंना शिकवण्याआधी फोनच त्यांच्या सवयीला जुळवून घ्या. उचलायचा आणि ठेवायचा, ही पन्नास वर्षांची सवय मोडू नका. बहुतेक मॉडेलांच्या मेनूत ‘ऑटो टॉक’ किंवा ‘ऑटो आन्सर’ नावाची सोय असते. ती चालू केली की रिंग वाजताना बेसवरून हँडसेट उचलला की लगेच बोलता येतं, हिरवं बटण शोधत बसावं लागत नाही. बोलून झालं की पुन्हा बेसवर. ‘फोन त्याच्या जागेवर ठेव’ एवढं एकच वाक्य त्यांना सांगायचं. नीट बसला की टुक असा आवाज होतो किंवा चार्जिंगची खूण दिसते. तो आवाज ऐकायची सवय लागली की एंगेजची तक्रार बहुतेक संपते. त्यासाठी बेस त्या जिथे जास्त वेळ बसतात तिथे, हाताच्या उंचीवर हवा. शोकेसच्या वरच्या कप्प्यात ठेवाल तर हँडसेट परत तिथे जाणारच नाही.

नवीन शिकवायची गोष्ट मात्र एक आहे, आणि तिच्यासाठी वेळ काढा. जुन्या पद्धतीने आधी टोन घेऊन मग नंबर फिरवला, तर बोटं सावकाश चालणाऱ्या माणसाला त्रास होतो. दोन आकड्यांमध्ये फार वेळ गेला की एक्स्चेंज वाट पाहणं सोडून देतं, आणि चुकलेला आकडा मागे घेता येत नाही. त्यापेक्षा आधी सगळा नंबर दाबायचा, पडद्यावर वाचून बघायचा, चुकला असेल तर पुसायचा आणि मगच हिरवं बटण दाबायचं. सासूबाईंनी हे आनंदाने उचललं, कारण नंबर डोळ्यांसमोर दिसतो.

बाकीचं सगळं तुम्हीच करून द्या. फोनबुकमध्ये नावं भरताना मोबाइल नंबरांच्या आधी ० घालायला विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य सक्तीचं झालं आहे. येऊन गेलेल्या फोनच्या यादीत मोबाइल नंबर शून्याविना दिसत असेल, तर तिथून थेट उलट फोन लागणार नाही. म्हणून घरच्यांचे नंबर तुम्हीच साठवून ठेवा. ‘स्पीड डायल’ असेल तर एकाच आकड्यावर तुमचा नंबर ठेवा. बहुतेक फोनवर तो आकडा दाबून धरला की लागतो. रिंगचा आवाज सगळ्यात मोठा, आणि सूर खणखणीत निवडा.

आता बेसबद्दल. खरा फोन तोच आहे, लाइन त्याच्यातच येते. हँडसेट त्याच्याशी रेडिओ लहरींनी बोलतो. डेक्ट (घरगुती कॉर्डलेसची नेहमीची रेडिओ पद्धत) प्रकारच्या फोनची रेंज मोकळ्या जागी तीनशे मीटरपर्यंत आणि घरात पन्नास मीटरपर्यंत सांगतात. पण दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती आणि मधलं लोखंडी कपाट यांनी ती बरीच कमी होते. बेस राउटरला चिकटून ठेवू नका. फोन २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर वायफाय आणि मायक्रोवेव्हमुळे खरखर येते.

जाता जाता एक सूचना. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला फोन असेल तर तो लावू नका. तिथले ‘डेक्ट ६.०’ फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइलसाठी आहे. शिवाय त्यांचा अडॅप्टर तिथल्या १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर जळेल.

फोन मध्येच बंद पडतो, हेही तुम्ही लिहिलंय. आधी सेल बघा. हँडसेटच्या पाठीवरच्या रेघांवर अंगठा दाबून झाकण खाली सरकवा. आत बहुधा ट्रिपल ए मापाचे दोन सेल दिसतील. ते १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचेच हवेत. कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून रिमोटचे साधे सेल आणून घातले असतील तर आधी काढा, कारण ते चार्जिंगला बसले की गळतात, फुटूही शकतात. नवे घालताना दोन्ही एकदम बदला आणि पुस्तिकेत दिलेले तास (मॉडेलप्रमाणे साधारण सात ते सोळा) पूर्ण चार्ज होऊ द्या. सेल चांगले असूनही चार्जिंग होत नसेल तर बेसवरच्या आणि हँडसेटखालच्या धातूच्या पट्ट्या पाहा. समुद्राजवळच्या दमट हवेत त्या काळवंडतात. प्लग काढून कोरड्या फडक्याने किंवा खोडरबराने घासा. सासूबाईंच्या फोनवर पावसाळ्यात हे करावंच लागतं.

हँडसेट सापडेनासा झाला तर बेसवरचं बटण एकदा दाबायचं. तो असेल तिथे वाजतो. पडद्यावर ‘बेस शोधत आहे’ अशा अर्थाचा संदेश अडकला, तर आधी बेसचा प्लग काढून पुन्हा लावा. तरीही जोडला गेला नाही, तर तेच बटण काही सेकंद दाबून धरा आणि हँडसेटच्या मेनूतून नोंदणी करा. पिन विचारला तर बहुतेकदा ०००० असतो.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लाइट गेली की कॉर्डलेस बंद. हँडसेटमध्ये चार्ज असतो, पण बेसला वीज लागतेच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, तसा दिवस पुन्हा येऊ शकतो. तांब्याच्या तारेची लाइन असेल तर एक साधा वायरचा फोन दुसऱ्या सॉकेटवर कायम लावून ठेवा; त्याला एक्स्चेंजकडूनच तारेतून वीज मिळते. लाइन फायबरची असेल तर फोनची वायर भिंतीत नाही, फायबरच्या डब्यावर ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेल्या लहान खाचेत जाते, आणि त्या डब्यालाही वीज लागते. तेव्हा डबा, राउटर आणि बेस तिन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. फोनशेजारी पुठ्ठ्यावर जाड पेनाने तुमचा नंबर शून्यासकट, डॉक्टरांचा, ११२ आणि पालिकेचा आपत्कालीन १९१६ लिहून ठेवा.