४के टीव्ही कॉम्प्युटर आणि गेमिंग दोन्हींसाठी मॉनिटर म्हणून चालेल का? घेताना काय बघावं?

चालेल, फक्त पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) आणि पोर्ट एचडीएमआय २.१ हवा, २.० वर पूर्ण रंगांसह ४के ६० हर्ट्झपर्यंतच मिळतं. खोक्यावरच्या ‘मोशन रेट’च्या आकड्याला भुलू नका, ती निव्वळ जाहिरात. त्याहून महत्त्वाचं ४:४:४ क्रोमा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची पूर्ण माहिती. ४:२:० मध्ये रंगांची माहिती कमी केलेली असते. सिनेमात कळत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची लाल-निळी बारीक अक्षरं फिसकटतात. दुकानात लॅपटॉप जोडून नेमकं तेच तपासा. काही टीव्ही तर इनपुटला ‘पीसी’ नाव दिल्याशिवाय ४:४:४ दाखवतच नाहीत. खेळताना टीव्हीचा गेम मोड (चित्र दिसायला लागणारा उशीर कमी करणारं सेटिंग) लावा, नाहीतर माउस मागे पडल्यासारखा वाटतो. दिवसभर ऑफिसचं काम असेल तर मात्र ओएलईडी पॅनलचा टीव्ही टाळलेला बरा, एकच चित्र तासन्‌तास राहिल्याने टास्कबारचा कायमचा डाग उमटू शकतो.