टोकियोला जाताना अकरा तास, येताना सहाच?

प्रश्न : मुलगा डिसेंबरात पुण्याहून दिल्लीमार्गे टोकियोला चाललाय. विमान दिल्लीहून रात्री 8 ला सुटतं आणि हानेडाला सकाळी 7.10 ला पोचतं. परतीचं हानेडाहून सकाळी 11.15 ला निघून दिल्लीत संध्याकाळी 5.25 ला. म्हणजे जायला 11 तास 10 मिनिटं आणि यायला 6 तास 10 मिनिटं? नेटवर अंतर 5,850 किलोमीटर दिसतं. ताशी 900 ने साडेसहा तास व्हायला हवेत. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. जाताना तेवढे वजा करा, येताना मिळवा : जायला 7 तास 40 मिनिटं, यायला 9 तास 40 मिनिटं. तुमचा अंदाज बरोबर उलटा झाला. लांबतो तो परतीचा प्रवास.

हे दोन तास वाऱ्याचे. उत्तर भारतापासून जपानपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जेट प्रवाह वाहतो, आणि थंडीत त्याला चांगलाच जोर येतो. वाटेत सरासरी ताशी 130 किलोमीटरचा वारा धरला, तर 900 चं विमान जाताना जमिनीच्या हिशेबाने 1,030 ने जातं, येताना 770 ने. उन्हाळ्यात हा प्रवाह उत्तरेला सरकतो आणि मंदावतो, त्यामुळे तेव्हा फरक कमी दिसतो.

मग वारा पाठीशी असूनही साडेसहा तासांत का पोचत नाही? 5,850 ही पृथ्वीगोलावर ताणलेल्या दोऱ्याची लांबी. तो दोरा तिबेटवरून जातो आणि विमानं ते पठार शक्यतो टाळतात. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला चटकन 10,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 3 किलोमीटरवर उतरावं लागतं. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत 12 ते 15 मिनिटंच पुरतो, तेवढ्यात पठार ओलांडून होत नाही. म्हणून हिमालयाच्या दक्षिणेने, म्यानमारवरून चीनमध्ये शिरायचं. त्या वळशाने काहीशे किलोमीटर वाढतात. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, सगळं त्यात आलं.

आता पुणे–दिल्लीचं. अंतर 1,150 किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वादोन तास. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडतात म्हणून वेगळी काढली आणि पहिलं रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे गेलेच समजा. लोहगावला बॅगेचा टॅग नीट वाचा : हानेडासाठी एचएनडी. एनआरटी असेल तर ते नारिता, शहरापासून साठेक किलोमीटर लांब. दिल्लीला टर्मिनल 1 वर उतरून टर्मिनल 3 गाठायचं असेल तर मध्ये निदान चार तास ठेवा. बस, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी यांतच अडीच-तीन तास जातात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पहाटे सगळ्यात दाट असतं, म्हणून रात्री 8 च्या विमानासाठी पुण्याहून दुपारी बारा-साडेबाराचं उड्डाण बरं.

परतताना सहसा बॅग दिल्लीतच ताब्यात घेऊन कस्टम ओलांडावं लागतं आणि पुण्यासाठी पुन्हा द्यावी लागते. 5.25 ला उतरून 7 चं पुण्याचं विमान धरायचा बेत असेल तर तो सोडा. 9 नंतरचं घ्या.