गोल्डफिशवरचे पांढरे ठिपके जाऊन पुन्हा का येतात?

तुम्ही लिहिलंय की नवा गोल्डफिश आणल्यावर आठवड्याभरात त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, दुकानदाराने दिलेलं निळं औषध घातल्यावर दोन दिवसांत गेले, आणि आता टाकीतल्या सगळ्याच माशांना आलेत. वर्णनावरून हा 'इक' वाटतो. ठिपके गेले म्हणजे आजार गेला असं धरून तुम्ही औषध लवकर थांबवलंत, एवढंच झालंय.

इक हा परजीवी आहे. माशाच्या अंगावर असतो तेव्हा तो कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो गळून तळाच्या खड्यांत पडतो. आपल्याला वाटतं मासा बरा झाला. तिथे एकाचे शेकडो होतात, आणि ही पिल्लं एक-दोन दिवसांत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होतं, थंड पाण्यात बरंच लांबतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवा, आणि एकट्या माशाला बादलीत काढून नव्हे, अख्ख्या टाकीत.

निळं औषध बहुधा मेथिलीन ब्लू असेल. इकवर मॅलाकाइट ग्रीनचं औषध जास्त चालतं. हातमोजे घालून, पाकिटावरच्या मात्रेतच वापरा. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. हीटर असेल तर तापमान दिवसाला एखाद-दोन अंशांनी वाढवत २९-३० पर्यंत न्या, म्हणजे चक्र लवकर उरकतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा एअर पंप अखंड चालू हवा.

पण तापमान वाढवण्याआधी मासा नीट बघा. रव्याच्या कणाएवढे सुटे ठिपके असतील तर इक. तोंडाभोवती किंवा पाठीवर बुरशी वाटावी असा पांढरट थर असेल तर तो बहुधा कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणूंचा आजार, आणि तो उष्णतेने उलट झपाट्याने पसरतो. आणखी एक गंमत: नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे येतात. मासा खातोय, हुंदडतोय, दाणे फक्त तिथेच आहेत, तर औषधाला हातही लावू नका.

खवले उभे राहणं आणि पोट फुगणं ही मात्र गंभीर लक्षणं. तिथवर गेलेला मासा क्वचितच वाचतो.

आता पुढच्या वेळेसाठी. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, साधा स्पंज फिल्टर लावून, जाळीही वेगळी. दुकानाच्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. एवढं केलं असतं तरी हा इक टाकीत आला नसता. आणि माझ्या मते गोल्डफिशचे बहुतेक हाल अमोनियामुळे, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषारी द्रव्यामुळे होतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले लालभडक झालेत, पर अंगाला चिकटलेत, तर औषधाआधी अमोनियाची चाचणी करा आणि थोडं पाणी बदला. अमोनिया खाऊन टाकणारे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढतात. तो स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे एकदम भरू नका. नळाचं पाणी घालताना अँटी-क्लोरीन हवंच. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या.

टाकी किती लिटरची, गोल्डफिश किती आणि फिल्टर कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे पाणी किती आणि किती दिवसांनी बदलायचं ते नेमकं सांगता येईल.